‘किंवा’ कुणासाठी?

संपादकानं कविता मागितली होती. पाठवतो म्हणालो. तिसरी पाळी संपवून खोलीवर आलो, कागद पुढ्यात घेतला, तर हातातून कलम उतरलं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८५. दारू पिऊन गाडी चालवण्याचं कलम. तेच पाठवतोय. कवीचं म्हणून छापायचं नसेल तर सूतगिरणीतल्या एका डॉफरचं म्हणून छापा. तेही नको असेल तर परत पाठवा, गिरणीच्या संडासाच्या दारावर चिकटवतो. तिथं वाचणारे जास्त आहेत.

आमचे नाना, म्हणजे माझे सख्खे चुलते, २०२३ च्या जानेवारीत गेले. गेले कसले, घालवले. उसाचा हंगाम होता. नाना हंगामी कामगार, पाळी रात्री बारा ते सकाळी आठ. साडेअकराला भाकरीचा डबा हँडलला अडकवून सायकलवर निघाले. बारामती-इंदापूर रस्ता, जंक्शनच्या अलीकडं. मागून पांढरी गाडी आली. आत एका बागाइतदाराचा पोरगा आणि त्याचे दोन दोस्त. सायकल उसाच्या सरीत जाऊन पडली, नाना मोरीच्या कठड्याला. डबा मात्र जिथल्या तिथं रस्त्यावर. झाकण घट्ट होतं, कालवण सांडलं नव्हतं. काकीनं ते झाकण नंतर कितीतरी दिवस उघडू दिलं नाही कुणाला.

पोरगा पळाला नाही. पळायची शुद्धच नव्हती. वास सगळ्यांना येत होता. माझ्या चुलतभावाला आला, टपरीवाल्याला आला, हवालदारालाही आला. कागदाला तेवढा आला नाही.

का आला नाही ते सांगतो, कारण त्यातच सगळी मेख आहे.

कायदा म्हणतो, १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर दारू सापडली तर गुन्हा. पकडलेल्या माणसाची तपासणी अटकेपासून दोन तासांच्या आत व्हायला पाहिजे, नाहीतर त्याला सोडायला पाहिजे. कलम २०२ मध्ये लिहिलंय तसं. चांगल्यासाठीच लिहिलं असेल. गरिबाला वास येतो म्हणून रात्रभर कोंडून ठेवू नये म्हणून असेल. पण आमच्या भागात त्या दोन तासांचं काय होतं ते बघा. पोराला ठाण्यात आणला साडेबाराला. फुंकायचं मशीन बंद. डॉक्टर मुक्कामाला नाहीत. गाडीला ड्रायव्हर नाही. ड्रायव्हर आला तर पत्रावर साहेबांची सही नाही. तोवर बाहेर चार गाड्या येऊन लागल्या. कडक इस्त्रीचे कपडे घालून माणसं आत गेली, खुर्च्या मिळाल्या, चहा आला. माझा चुलतभाऊ बाहेर पायरीवर. त्याला विचारलं, “तू मयताचा कोण?” हा म्हणाला, “पोरगा.” “मग इथं काय करतोस, तिकडं पंचनाम्याला जा.”

रक्त घेतलं सकाळी नऊला. माणसाचं शरीर तासाला साधारण १५ मिलिग्रॅमच्या चालीनं दारू जाळतं. साडेअकरा ते नऊ, साडेनऊ तास. करा गुणाकार. मी नववीत शाळा सोडली, मलाही येतो. रात्री रक्तात सव्वाशे-दीडशे असली तरी सकाळी माणूस काकडआरतीला बसवण्याइतका शुद्ध होतो. झाला. कागदावर ३० च्या आत.

तर १८५ उडालं. राहिलं जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ३०४-अ. हयगयीनं मृत्यू. जामीनपात्र. दुसऱ्या दिवशी दुपारी पोरगा घरी जेवायला. आम्ही तेव्हा सावडायची तयारी करत होतो.

आणि आता ऐका. हा पोरगा त्याआधी वर्षभर, भिगवण रस्त्यावर, दारू पिऊन गाडी चालवतानाच सापडलेला होता. कोर्टात गुन्हा कबूल केला, १० हजार दंड भरला, संध्याकाळी ढाब्यावर दोस्तांना पार्टी दिली. हे गावाला माहीत, नाक्याला माहीत, पार्टीला बसलेल्यांना तर माहीतच माहीत. म्हणजे आमच्या नानाला मारलं ती त्याची दुसरी वेळ. पण कायद्याच्या वहीत दुसरी वेळ उगवलीच नाही.

मी बारामतीच्या कोर्टाबाहेर एका वकिलाकडून कलमांच्या झेरॉक्स काढून घेतल्या. वकील म्हणाला, “तू काय करणार वाचून?” मी म्हटलं, “रिंगवर तुटलेला धागा जोडतो मी रोज. बघतो कुठं तुटलाय.” खोलीवर आणून वाचलं. डिक्शनरी घेऊन वाचलं. चार रात्री गेल्या. आणि धागा सापडला. एका शब्दावर तुटला होता. शब्द आहे ‘किंवा’.

कलम १८५, पहिला गुन्हा: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. दुसरा किंवा त्यानंतरचा गुन्हा: दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा १५ हजार दंड, किंवा दोन्ही. २०१९ च्या आधी हेच दर २ हजार आणि ३ हजारांपर्यंत होते. आणि दुसरा गुन्हा पहिल्यापासून तीन वर्षांच्या आत झाला तरच दुसरा धरायचे. १ सप्टेंबर २०१९ पासून ती तीन वर्षांची अट निघाली, दर वाढले. तेव्हा पेपरांनी मथळे दिले, कायदा कडक झाला म्हणून. कडक काय झालं? भाव वाढला. भाजीचा वाढतो तसा. ‘किंवा’ तिथंच बसून राहिला, जावयासारखा पाट मांडून.

दहा हजार म्हणजे काय? गिरणीत सगळं कापून महिन्याला हातात येतं त्यातून दहा हजार काढले तर माझ्या खोलीत चूल पेटत नाही. त्या पोराच्या बापाच्या उसाच्या एका बिलात असले दहा हजार कितीदा बसतात ते त्यालाही मोजावं लागत नाही. एकाच ‘किंवा’ची दोन दारं. त्याला ते दार घराकडं उघडतं. आम्ही ढकललं तर तुरुंगाकडं, नाहीतर सावकाराकडं. कलम सगळ्यांना सारखं आहे म्हणतात. आहे की. गावच्या विहिरीचं पाणीपण सगळ्यांना सारखंच होतं, काठावर उभं कोण राहायचं एवढाच प्रश्न होता.

आता दुसऱ्या वेळेचा हिशेब. पहिल्या वेळेला १०, दुसऱ्या वेळेला १५. तिसऱ्या वेळेला? तेच. सातव्या वेळेला? तेच. कायदा म्हणतो ‘दुसरा किंवा त्यानंतरचा’. दोनच्या पुढं कायद्याला पाढा येत नाही. आणि दुसरी वेळ ठरवायची तर पहिल्या शिक्षेचा कागद कुणीतरी शोधून, आरोपात मांडून, कोर्टापुढं सिद्ध करावा लागतो. मांडलाच नाही तर माणूस जन्मभर पहिलटकर. भिगवण रस्त्यावरचा कागद एका टेबलावर, जंक्शनच्या अलीकडचा दुसऱ्या टेबलावर, आणि दोन टेबलांच्या मधी माझ्या नानाचं प्रेत. ते कागद एकमेकांना भेटू नयेत म्हणून किती माणसं रात्रभर चहा पीत बसली ते मी वर सांगितलंच.

कुणी म्हणेल, कायद्याला मोजताच येत नसेल. येतं की! लय चांगलं येतं. फक्त कुणाचं मोजायचं ते ठरलेलं आहे.

चोरीचं कलम काढा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिचं कलम ३०३. पहिल्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. ठीक, इथं ‘किंवा’ आहे. पाच हजारांच्या आतली पहिली चोरी असेल आणि माल परत केला तर समाजसेवेवर भागतं. तेही ठीक. पण दुसऱ्यांदा चोरी? कमीत कमी एक वर्ष सक्तमजुरी, पाच वर्षांपर्यंत, आणि वर दंड. ‘आणि’. ‘किंवा’ गायब! पुढं कलम १३ बघा. मालमत्तेच्या ज्या गुन्ह्यांना तीन वर्षं किंवा जास्त कैद आहे, त्यात एकदा शिक्षा झालेला माणूस पुन्हा तसाच सापडला तर जन्मठेपेपर्यंत किंवा दहा वर्षांपर्यंत कैद देता येते. हे काही नवं नाही. इंग्रजांच्या १८६० च्या संहितेत कलम ७५ म्हणून हेच होतं. गोरे गेले, आकडा बदलला, मोजणी तीच.

म्हणजे दुसऱ्यांदा कुणाची मोटार-पंपाची केबल चोरली तर वर्षभर आत, नक्की. दुसऱ्यांदा दारू पिऊन माणसांच्या रस्त्यावर दीड टन लोखंड सोडलं तर १५ हजारांची पावती. ह्या देशात केबलीला जेवढी इज्जत आहे तेवढी सायकलवरच्या माणसाला नाही.

पोलिसांच्या भाषेत एक शब्द आहे, सराईत. पेपरातही छापतात: सराईत गुन्हेगार जेरबंद. हा शब्द कुणाला लागतो बघा. आमच्या बारामती-इंदापूर-दौंडच्या पट्ट्यात पारधी वस्त्या आहेत. कुठं कणीस मोडलं, कोंबडी गेली, की आधी गाडी तिथं. पोर जन्माला येतं तेच सराईत म्हणून. इंग्रजांनी १८७१ ला गुन्हेगार जमाती कायदा केला. सबंध जातच्या जात गुन्हेगार ठरवली, सोलापूरला तारेच्या कुंपणात सेटलमेंट करून ठेवली. १९५२ ला तो कायदा गेला, तार तुटली. लगेच १९५९ ला मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. नाव नवं, डोळे जुने. तुरुंगाच्या नियमावल्यांत तर कालपरवापर्यंत जात बघून झाडू आणि पोळपाट वाटायची सोय होती. सुप्रीम कोर्टानं ३ ऑक्टोबर २०२४ ला ती घटनाबाह्य ठरवली. स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी.

दारूचंच घ्या. महाराष्ट्रात १९८१ चा एक कायदा आहे. त्याच्या नावातच लिहिलंय: झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले. ह्या कायद्यानं हातभट्टीवाल्याला खटला न चालवता वर्षभरापर्यंत स्थानबद्ध करता येतं. आरोपपत्र नको, साक्ष नको, तीस मिलिग्रॅम नको, दोन तास नको. मी हातभट्टीची बाजू घेत नाही. आमच्या वस्तीत तिनं किती बायका विधवा केल्या ते मी बघितलंय. पण मोजमाप बघा. दारू गाळणारा वस्तीतला असेल तर समाजाला धोकादायक, वर्षभर आत. दारू पिऊन गाडी अंगावर घालणारा वाड्यावरचा असेल तर त्याची चूक झाली, पोरवय आहे. सराईत तो नव्हे. सराईत आपण. तो निव्वळ शौकीन.

हे खेड्यातलंच आहे म्हणू नका, शहरात चला. १२ नोव्हेंबर २००६ ची पहाट, मुंबई, वांद्र्याचा कार्टर रोड. रस्त्याचं काम करणारे मजूर बायकापोरांसकट फुटपाथवर झोपलेले. अ‍ॅलिस्टर परेरा नावाच्या तरुणाची गाडी वर चढली. सात मेले, आठ जखमी झाले. रक्तात दारू सापडली होती. सेशन कोर्टानं २००७ च्या एप्रिलमध्ये शिक्षा दिली सहा महिने आणि दंड. सात मुडद्यांचे सहा महिने. भागाकार करा, एका मजुराला महिनाही येत नाही. ओरड झाली तेव्हा हायकोर्टानं त्याच वर्षी सदोष मनुष्यवध धरून तीन वर्षं केली. सुप्रीम कोर्टानं १२ जानेवारी २०१२ ला ती कायम केली आणि निकालात लिहिलं की ही शिक्षा फार तोकडी आहे, पण वाढवून मागायला सरकारच आलेलं नाही. सरकार आलं नाही! मजूर सरकारचाच रस्ता बांधत होते की. ज्यांनी रस्ता केला ते त्याच्याच कडेला मेले, आणि सरकारला अपिलाचा कागद सापडला नाही.

आणि आपला पुणे जिल्हा. १९ मे २०२४, कल्याणीनगर. सतरा वर्षांचा पोरगा, पोर्शे गाडी, मोटरसायकलवरची दोन तरुण इंजिनिअर माणसं जागच्या जागी ठार. बाल न्याय मंडळानं त्याच दिवशी जामीन दिला, अटींमधली एक अट ३०० शब्दांचा निबंध. पुढं देश पेटला तेव्हा बाहेर आलं की दवाखान्यात रक्ताचा नमुनाच बदलल्याचा आरोप आहे, आणि त्यात डॉक्टरांना अटक झाली. मी हे वाचलं तेव्हा गिरणीच्या कँटीनमध्ये होतो. पेपर खाली ठेवला आणि हसलो. शेजारचा म्हणाला, “हसायला काय झालं?” मी म्हटलं, “शहरात रक्त बदलायची मेहनत तरी घेत्यात, असं म्हणत्यात. आमच्याकडं नुसता उशीर केला की भागतं.”

निबंधाचं म्हणाल, तर हा लेख तीनशे शब्दांच्या कधीच पुढं गेला. मला कुठला जामीन मिळणार त्यावर?

इथं एक शिकलेला मित्र म्हणाला, अमेरिकेसारखा कायदा पाहिजे. तिथं दुसरी-तिसरी वेळ म्हणजे साधा गुन्हा राहत नाही, ‘फेलनी’ होते, म्हणजे मोठा गुन्हा. मी शोधून वाचलं. न्यूयॉर्क राज्यात दहा वर्षांत दुसऱ्यांदा सापडला की फेलनी. टेक्सासात तिसरी वेळ म्हणजे दोन ते दहा वर्षं तुरुंग. कॅलिफोर्नियात दहा वर्षांत चौथी वेळ आली की तोच दरवाजा. म्हणजे तिथं कायदा मोजतो: एक, दोन, तीन, चार. पायरी चढली की शिक्षा चढते. आपल्याकडं फेलनी असा प्रकारच नाही, आणि पायऱ्या दोनच.

मोजणी मला पटली. पण मित्रा, त्या तुरुंगांत कोण भरलेलंय तेही वाच. काळी माणसं त्यांच्या लोकसंख्येपेक्षा कितीतरी जास्त. फेलनीचा शिक्का बसला की कित्येक राज्यांत मत जातं, नोकरी जाते. १९७२ ला मुंबईत आपल्या पोरांनी पँथर हे नाव त्या काळ्या माणसांकडूनच घेतलं होतं. त्यांचे तुरुंग विसरून त्यांचे कायदे तेवढे आणायचे? आपल्या तुरुंगांत २०२२ च्या सरकारी आकड्यांत चारातले तीन कैदी खटला न संपलेले होते. नवं कडक कलम आलं की आधी कोण आत जाणार ते मला कुणी शिकवायची गरज नाही.

मला ठाऊक आहे कोण जाणार. माझा भाऊ.

थोरला दादा हंगामात ट्रॅक्टर चालवतो. ट्रॅक्टर मालकाचा, दोन ट्रॉल्या मागं. ट्रॉलीला रिफ्लेक्टर नाही, दिवा नाही. खेपेवर पैसे, म्हणून झोप नाही. काट्यावर नंबर लागेपर्यंत पहाट होते. संध्याकाळी मुकादम क्वार्टर देतो, थंडीची म्हणून. पैसे उचलीत धरतो. २०२१ च्या डिसेंबरात दादाला नाक्यावर फुंकायला लावलं. त्याच रात्री त्याच नाक्यावरून काळ्या काचांच्या गाड्या सलाम घेत गेल्या, त्यांना कुणी फुंकायला सांगितलं नाही. दादाला १० हजार झाले. मालकानं हात वर केले. वहिनीनं बचत गटातून काढले, आठ महिने फेडले. पोरीची शाळेची सहल त्यात बुडाली.

एकाच घरात दोन्ही आहेत. दारू पिऊन गाडी चालवणारा, आणि दारू पिऊन चालवलेल्या गाडीखाली मेलेला. म्हणून मला तोंड लपवता येत नाही.

नानाच्या दहाव्याला मी दादाला विचारलं, “दादा, तू घेऊन बसतोस का न्हाय स्टेरिंगवर?” तो खाली बघून म्हणाला, “थंडी लय असती रं.” आय तिथंच होती. म्हणाली, “तुझ्या ट्रॉलीखाली कुणाचा नाना गेला तर त्याच्या दहाव्याला काय सांगशील, थंडी व्हती म्हून?” दादा उठून गेला. त्यानं वचन वगैरे काही दिलं नाही. त्या हंगामात दोनदा मी स्वतः त्याच्या ट्रॅक्टरची किल्ली काढून घेतली. एकदा त्यानं मला कानाखाली दिली. किल्ली दिली नाही मी.

हे घरातलं चव्हाट्यावर का मांडतोस, असं काहीजण विचारतील. मांडतो, कारण आपल्यातलेच लोक कुजबुजतात: आपली माणसंच पितात, आपण कुठल्या तोंडानं बोलणार? ह्याच तोंडानं. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यात दारू न पिण्याची आहे. आपण त्या भिंतीवर लावल्या. आणि १४ एप्रिलच्या रात्री एका मोटरसायकलवर तिघं, झिंगत, निळा झेंडा धरून. लाज वाटू द्या. ज्यानं कायदा लिहिला त्याच्या जयंतीला आपण कायद्याच्या तोंडावर ओकतो. मिरवणुकीतून पिणाऱ्याला बाहेर काढायची हिंमत नसेल तर बागाइतदाराच्या पोराला आत घाला म्हणायचा अधिकार आपला अर्धाच राहतो.

अर्धाच, पण राहतो. कारण दादा आणि तो पोरगा ह्यांच्यातला फरक पिण्यात नाही, पिल्यावर काय होतं त्यात आहे. दादाला पाजणारा मुकादम आहे, पिलेला असताना गाडी काढायला लावणारा मालक आहे. ह्याच कायद्यात कलम १८८ आहे: दारू पिऊन गाडी चालवायला जो चिथावणी देईल, मदत करील, त्याला तीच शिक्षा. वाचलंय कुणी? मुकादमावर, मालकावर हे कलम लावलेलं माझ्या ऐकण्यात नाही. कलम आहे, वापरायचं नाही. विहीर आहे, पोहरा नाही.

आणि सरकार? ऊस आमच्या माणसांनी तोडायचा, गाळपातून मळी निघायची, मळीतून स्पिरिट, स्पिरिटातून देशी, आणि ती देशी परत तोडणाऱ्याच्याच पोटात. प्रत्येक बाटलीवर सरकारचा कर. सुप्रीम कोर्टानं १५ डिसेंबर २०१६ ला सांगितलं की राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूचं दुकान नको. दुकानं हलवायच्या ऐवजी कित्येक ठिकाणी रस्त्याचंच नाव बदललं. काल हायवे होता, आज शहराचा रस्ता. पुढं महापालिका-नगरपालिकांच्या हद्दीला सूटही मिळाली. ह्या देशात रस्त्याची जात एका कागदावर बदलते. आमची मात्र पिढ्यान्‌पिढ्या तीच.

आता मागणी काय ते सांगतो. नुसता शिव्या देणारा म्हणून सोडून देऊ नका.

पहिली गोष्ट, दुसऱ्या वेळेपासून ‘किंवा’ काढा. काढता येत नाही असं सांगू नका. जुन्या ३०४-अ मध्ये माणूस मेला तरी दोन वर्षांपर्यंत कैद ‘किंवा’ दंड होता. नव्या संहितेच्या कलम १०६ मध्ये पाच वर्षांपर्यंत कैद ‘आणि’ दंड झाला. म्हणजे शब्द खोडता येतो. माणूस मेल्यावर खोडलात, मरायच्या आधी खोडा.

दुसरी, मोजा. दोनच्या पुढं मोजा. तिसरी वेळ, चौथी वेळ. सगळा कारभार कॉम्प्युटरवर गेला म्हणता, तर एका तालुक्याचा कागद दुसऱ्या तालुक्याला दिसू द्या. आणि गाडी चालवायचं लायसन कायमचं काढून घ्या. तुरुंगाची हौस मला नाही. ज्याच्या हातात स्टेरिंग नको त्याच्या हातात ते नको, एवढंच.

तिसरी, दंड कमाई बघून लावा. फिनलंडमध्ये १९२१ पासून दंड माणसाच्या रोजच्या कमाईवर ठरतो. डॉफरचा दंड डॉफरला चटका देईल एवढा, बागाइतदाराचा बागाइतदाराला चटका देईल एवढा. ह्याला म्हणतात सारखा कायदा.

चौथी, ते दोन तास. तालुक्याच्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात रात्री रक्त घेणारा माणूस पाहिजे, चालू मशीन पाहिजे. उशीर झाला तर त्याचा जाब लेखी पाहिजे, नावासकट.

पाचवी, कलम १८८. पाजणारा आणि पाठवणारा दोघं आरोपी झाले पाहिजेत. तसं झालं तर दादाच्या हातात क्वार्टर देताना मुकादमाचा हात कापेल.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. आमच्या वस्तीत आम्ही एक सुरू केलंय. हंगामात रात्री दोघं-तिघं रस्त्यावर थांबतो. आपलाच ट्रॅक्टर आला, आपलाच माणूस झिंगलेला दिसला, तर किल्ली काढायची, चहा पाजायचा, झोपवायचा. खेप बुडते, शिव्या बसतात. बसू देत.

नानाची केस अजून उभी आहे. मागच्या तारखेला पंच आला नाही, त्याच्या आधी साहेबांची बदली झाली होती. त्या पोराचं लग्न झालं, नवी गाडी आली. काकी दर तारखेला धुतलेलं लुगडं नेसून, एसटीनं, बारामतीला येते. कोर्टात तिला कुणी काही विचारत नाही. ती नुसती बसून राहते, त्याच्याकडं बघत. मी तिच्या शेजारी. त्या दिवसाचा माझा खाडा धरतात, पगार कापतात. मला त्यात ‘किंवा’ नाही.

पुढच्या तारखेलाही जाणार आहे. ज्यांना जमेल त्यांनी या. बाकावर जागा कमी आहे, उभं राहू.